जायफळाच्या बेटांकडे: राजा अंपात ते बांदा, छोट्या जहाजाच्या पहिल्या सफरीची तयारी

पुरणात आणि श्रीखंडात आपण किसून घालतो ते जायफळ. अठराव्या शतकापर्यंत जगाच्या बाजारात येणारं जवळपास सगळं जायफळ पूर्व इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या मूठभर बेटांवरून यायचं. या बेटांच्या उत्तरेला, पापुआच्या पश्चिम टोकाशी, राजा अंपात हा दीड हजाराहून अधिक लहानमोठ्या बेटांचा समूह आहे. जगातल्या प्रवाळांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती तिथल्या पाण्यात सापडतात. सोरोंग बंदरातून निघायचं, राजा अंपात बघत दक्षिणेला मिसूल बेटापर्यंत यायचं, मग खुला समुद्र ओलांडून बांदा आणि शेवटी अंबोन, अशी दहा-बारा रात्रींची सफर छोटी जहाजं करतात. वाटेत मोठं बंदर नाही, हॉटेलं जवळजवळ नाहीत.

मी हा मार्ग दोनदा केला आहे. परतल्यावर ओळखीच्या लोकांचे जे फोन येतात त्यांत पहिला प्रश्न केबिनचा असतो. पलंग केवढा, बाल्कनी आहे का, एसी कसा आहे. मी त्यांना उलट विचारते, "पोहता येतं का?" एवढे पैसे मोजून माणूस ज्या पाण्यापर्यंत पोचतो, त्यात तोंड बुडवायची तयारी नसेल तर सफरीचा मोठा भाग डेकवर बसून दुसऱ्यांची वर्णनं ऐकण्यात जातो. म्हणून या लेखात केबिनला थोडी आणि तयारीला जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: आधी महिना, मग जहाज

या भागात वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. जून ते ऑगस्टमध्ये आग्नेयेकडचा वारा जोरात असतो आणि बांदा समुद्र खवळतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत वायव्येकडचा वारा येतो. राजा अंपातची बेटं एकमेकांना आडोसा देतात, त्यामुळे तिथला हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असा लांब आहे. बांदाला तसा आडोसा नाही. दोन वाऱ्यांच्या मधले शांत महिने, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर आणि पुन्हा मार्च-एप्रिल, हेच बांदाचे दिवस. दोन्ही एका सफरीत हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल धरा. योग असा की पहिल्या काळात आपली दिवाळीची सुट्टी येते आणि दुसऱ्यात परीक्षा संपत आलेल्या असतात. चांगली जहाजं वर्षभर आधी भरतात, त्यामुळे या दिवाळीत पुढच्या दिवाळीचं बोला.

आणखी एक गोष्ट बुकिंगच्या वेळी फारसं कुणी सांगत नाही. चंद्र बघा. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही: अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. राजा अंपातच्या डॅम्पिअर सामुद्रधुनीत उधाणाच्या दिवसांत पाणी नदीसारखं धावतं. मासे तेव्हा खूप दिसतात, पण नवख्याला ते पाणी झेपत नाही. तारखांमध्ये निवड असेल तर पहिले तीन-चार दिवस अष्टमीच्या आसपास येतील अशी तारीख घ्या. मराठी कॅलेंडर भिंतीवर आहेच.

दुसरी पायरी: लाकडी की पोलादी

इथे दोन प्रकारची जहाजं चालतात. पहिली पिनिसी, म्हणजे दोन डोलकाठ्या आणि सात शिडं असलेलं लाकडी जहाज. दक्षिण सुलावेसीत बिरा आणि ताना बेरूच्या किनाऱ्यावर कारागीर ही जहाजं अजूनही वाळूतच बांधतात. आधी फळ्या जोडून बाहेरचं कवच उभं करतात आणि आतल्या फासळ्या मागाहून बसवतात. या नौकाबांधणीला २०१७मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. आजच्या आलिशान पिनिसीवर बारा ते अठरा पाहुणे, जवळपास तेवढेच खलाशी, प्रत्येक केबिनला स्वतंत्र न्हाणीघर आणि एसी असतो. शिडं उभारतात ती बहुतेक वेळा हौसेसाठी; जहाज चालतं इंजिनावर.

दुसरं म्हणजे शंभर-दीडशे प्रवाशांचं पोलादी जहाज. ते कमी डुलतं, त्यावर बहुधा डॉक्टर असतो, काहींना लिफ्टही असते. सोबत सत्तरीचे आईवडील असतील, गुडघे दुखत असतील किंवा हृदयाची तक्रार असेल तर मी नि:शंकपणे पोलादी जहाज सुचवेन. बाकीच्यांना पिनिसी. बारा माणसांची होडी ज्या खाडीत शिरते आणि ज्या छोट्या गावाच्या धक्क्याला लागते, तिथे शंभर माणसं नेता येत नाहीत आणि नेऊही नयेत.

केबिनबद्दल एवढंच: मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते. वरच्या डेकवरून देखावा सुंदर दिसतो, पण लाट आली की तीच जास्त झुलते. मागच्या बाजूला इंजिन आणि जनरेटरचा आवाज येतो. ज्यांना बोट लागते त्यांनी देखाव्याचा मोह सोडावा.

चांगल्या पिनिसीचा खर्च माणशी रोजचे ५०० अमेरिकन डॉलर या आसपास सुरू होतो आणि हजाराच्या वर सहज जातो. एकट्यानं जाणाऱ्याला केबिनसाठी जादा भरावं लागतं. विमानभाडं, राजा अंपातच्या प्रवेशपत्राचे पैसे, कधी इंधनाचा अधिभार, स्कूबाचं (हवेची टाकी पाठीवर घेऊन बुडी मारण्याचं) भाड्याचं सामान, विमा आणि बक्षिशी हे बहुधा वेगळं असतं. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, भरावा लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण सुरुवातीला खिशातून जातो, तेव्हा हिशेबात धरा.

तिसरी पायरी: पैसे भरण्याआधी हे लेखी विचारा

लाकडी जहाजावर आगीची भीती खरी असते. त्यामुळे माझे प्रश्न फर्निचरबद्दल नसतात.

- रात्री सगळे झोपल्यावर जागं राहून गस्त घालणारा खलाशी नेमलेला असतो का?
- खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि ती आतून उघडते का?
- कॅमेऱ्याच्या, फोनच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करायच्या? "केबिनमध्ये, रात्रभर" असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका. माणूस लक्ष ठेवेल अशी वेगळी जागा हवी.
- लाइफ जॅकेट, तराफे, उपग्रह फोन आणि ऑक्सिजनचा संच आहे का?
- पाण्यात किती पाहुण्यांमागे एक मार्गदर्शक असतो? फक्त स्नॉर्केल करणाऱ्यांसाठी, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत बघणाऱ्यांसाठी, वेगळा मार्गदर्शक आणि वेगळी डिंगी (छोटी रबरी होडी) आहे का?

शेवटचा प्रश्न नवख्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा. बरीच जहाजं मुळात स्कूबावाल्यांची असतात. तिथे स्नॉर्केल करणाऱ्यांना "इथेच आसपास तरंगा" म्हणून सोडून देतात. ज्या जहाजावर स्नॉर्केलिंगचा स्वतंत्र कार्यक्रम आहे, तेच घ्या.

चौथी पायरी: तीन महिने आधी पाण्यात उतरा

स्कूबा येणं गरजेचं नाही. प्रवाळाचा सर्वांत रंगीत भाग पृष्ठभागापासून पाच-सहा मीटरांत असतो, कारण प्रकाश तिथेच भरपूर पोचतो. स्नॉर्केल पुरतं. पण ते आरामात करता आलं पाहिजे.

पहिला महिना जवळच्या तलावात घालवा. पोहता येत नसेल तर शिकवणी लावा. चाळिशीत, पन्नाशीत शिकणारे खूप आहेत. वेग नको. न थांबता दहा मिनिटं तरंगता येणं आणि घाबरल्यावर पाठीवर पडून राहता येणं, या दोन गोष्टी आल्या की पुष्कळ झालं.

दुसऱ्या महिन्यात मास्क आणि नळी स्वतःची घ्या. मास्क भाड्याचा नको, कारण तो आपल्याच चेहऱ्याला बसावा लागतो. पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवा, नाकानं हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला पाहिजे. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मास्क मिळतो आणि तो घ्यायलाच हवा. इतक्या लांब जाऊन धूसर मासे बघण्यात अर्थ नाही. मिशी असलेल्यांचा मास्क नाकाखाली गळतो, त्यांनी मऊ सिलिकॉनच्या कडेचा मास्क निवडावा. तलावात आधी नुसतं उभं राहून तोंड पाण्यात घाला आणि नळीतून शंभर श्वास मोजा. छातीत जी धडधड होते ती साठ-सत्तर श्वासांनंतर उतरते. हे तलावात घडू द्या. नळीत पाणी शिरलं की जोरात फुंकर मारून बाहेर टाकायचं, तेही तिथेच शिका.

तिसऱ्या महिन्यात एकदा मालवण-तारकर्ली गाठा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग होतं, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे. पावसाळ्यात हे बंद असतं. दिवाळीला निघणार असाल तर मे महिन्यातच जाऊन या, आणि मग पावसाळाभर तलाव चालू ठेवा. खारं पाणी, लाट, होडीतून उतरणं आणि परत चढणं यांची पहिली ओळख घरच्या समुद्रात झालेली बरी. माझ्या दुसऱ्या सफरीत साठीच्या एक बाई होत्या, पुण्याच्या. वर्षभरापूर्वी त्यांना पाण्याची भीती वाटायची. मिसूलला त्या सकाळी सर्वांत आधी डिंगीत बसायच्या आणि सर्वांत शेवटी पाण्याबाहेर यायच्या.

जिने चढायचीही सवय ठेवा. राजा अंपातमधल्या पियायनेमोच्या टेकडीवरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी तीनशेवर लाकडी पायऱ्या आहेत, त्याही दमट उन्हात.

पाचवी पायरी: कागद आणि विमानं

भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा व्हिसा विमानतळावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो: ३० दिवस, शुल्क ५ लाख इंडोनेशियन रुपिया. आकडा बघून दचकू नका, रुपिया फार छोटा आहे. पासपोर्ट पोचल्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा. आगमनाचा ऑनलाइन फॉर्म निघण्यापूर्वी भरून ठेवा.

मुंबईहून जकार्ता, तिथून सोरोंग, असा मार्ग सोपा. जकार्ताहून सोरोंग सुमारे चार तास आणि बरीच विमानं रात्रीची. सोरोंगचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. परतीला अंबोनहून जकार्ता. जहाज निघायच्या किमान एक पूर्ण दिवस आधी सोरोंगला पोचा, कारण जहाज थांबत नाही. पहिल्या वेळी माझी बॅग मागे राहिली आणि जहाज निघायच्या तीन तास आधी हाती आली. तेव्हापासून मास्क, नेहमीची औषधं, पोहण्याचे कपडे आणि एक जोड मी पाठीवरच्या पिशवीतच ठेवते. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा बहुधा वीस किलो. कडक सूटकेस नको. केबिनमध्ये ती ठेवायला जागा नसते, मऊ पिशवी पलंगाखाली जाते.

विम्यात दुर्गम जागेतून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि पाण्यातले खेळ दोन्ही स्पष्ट लिहिलेले हवेत. रोख रुपिया सोरोंगमध्येच काढा, लहान नोटांत.

सहावी पायरी: जेवणाचं आधी बोला

शाकाहारी माणसाचे इथे हाल होत नाहीत, पण आचाऱ्याला आधी कळायला हवं, कारण मधे बाजार नसतो. टोफू आणि टेम्पे भरपूर. टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. तळून, गोडसर मसाल्यात घोळवून छान लागते. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची आमटीवजा चटणी, कुटाची सवय असलेल्या जिभेला लगेच आवडते. अडचण तेरासीची. ही आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट आहे आणि संबालमध्ये (मिरचीच्या चटणीत), कधी गाडो-गाडोच्या चटणीतही असते. आपण 'मासे नको' म्हटलं तरी तेरासी मासा आहे असं आचाऱ्याच्या मनात येत नाही. म्हणून लेखी कळवताना तेरासी हा शब्दच लिहा, अंडं चालतं का तेही लिहा. जैन जेवण हवं असेल तर दोन महिने आधी सांगा.

मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणच्याची बंद बाटली न्यायला हरकत नाही. ताजी फळं, भाज्या, बिया नेऊ नका.

एक गंमत इथे नक्की बघा. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, पण त्याचं नाव ज्या झाडावरून आलं तो खरा सागो माड इथला. त्याचं खोड फोडून पीठ काढतात आणि त्याची पापेडा नावाची पारदर्शक, चिकट लापशी करतात. ती काठ्यांवर गुंडाळून ताटात घेतात. सोबत बहुधा माशाचं पिवळं कालवण असतं.

सातवी पायरी: औषधं आणि पिशवी

इंडोनेशियाच्या पापुआ भागात हिवताप वर्षभर असतो. प्रतिबंधक गोळ्या कुठल्या आणि कधी सुरू करायच्या हे महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या निघण्यापूर्वीच चालू कराव्या लागतात आणि परतल्यावरही घ्याव्या लागतात. गोळ्या घेतल्या तरी संध्याकाळी लांब बाह्या आणि डास पळवणारं मलम हवंच. बोट लागण्याची गोळी, अ‍ॅव्होमीनसारखी, लाट सुरू होण्याआधी घ्यायची असते. पोट ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तिनं झोप येते, म्हणून मिसूल ते बांदा या रात्रीच्या प्रवासापूर्वी घेणं सोयीचं. मधुमेह, रक्तदाबाची औषधं दुप्पट न्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा.

कपडे थोडे लागतात. जहाजावर सगळे अनवाणी असतात, चपला चढतानाच टोपलीत जातात. पोहायला पूर्ण बाह्यांचा, अंगाला बसणारा शर्ट आणि लेगिंग घ्या: ऊन लागत नाही, प्रवाळाचं खरचटत नाही आणि सनस्क्रीन कमी लागतं, जे पाण्यासाठीही चांगलं. स्त्रियांना यात संकोचही वाटत नाही. गावात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओल्या वाळूत घट्ट बसणारे सँडल, जंगलासाठी बूट, डोक्याला लावायची छोटी बॅटरी, पाणी न शिरणारी पिशवी. बस.

आठवी पायरी: डिंगी आणि जहाजावरचा दिवस

दिवस साडेपाचला सुरू होतो. फळ्यावर वेळापत्रक लिहिलेलं असतं: थोडं खाऊन पाण्यात, मग न्याहारी, पुन्हा पाणी, जेवण, दुपारी गाव किंवा टेकडी, संध्याकाळी कधी आणखी एकदा पाणी. जहाज बहुधा रात्री चालतं.

प्रत्येक गोष्ट रबरी डिंगीतून होते, म्हणून तिच्यात चढायची रीत पहिल्याच दिवशी पक्की करा. दोन्ही हात मोकळे. कॅमेरा आधी खलाशाकडे द्या. त्याचा तळवा धरू नका, त्याचं मनगट तुमच्या मुठीत आणि तुमचं त्याच्या. ओला हात निसटतो, मनगट निसटत नाही. डिंगी लाटेवर वर आली की पाऊल टाका, लगेच खाली बसा आणि बसूनच सरका. किनाऱ्यावर धक्का नसेल तर काठावर बसून, दोन्ही पाय बाहेर फिरवून गुडघाभर पाण्यात उतरायचं, तेही खलाशी सांगेल तेव्हाच.

कप्तानाला इंडोनेशियन भाषेत 'नाखोदा' म्हणतात. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच. दोन्ही शब्द एकाच फारसी मुळाचे. मी हे आमच्या कप्तानाला सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की रोज संध्याकाळी नकाशा उघडून उद्याची वाट दाखवू लागला. गुरू, नामा, बाहासा, इस्त्री म्हणजे बायको, असे शब्द कानावर पडतात. 'तेरिमा कासिह' म्हणजे आभार, तेवढं पाठ करा.

पाण्यात एकच नियम काटेकोर पाळा: प्रवाळावर उभं राहायचं नाही, कधीच नाही. दम लागला तर पाठीवर पडा, हात वर करा, डिंगी येते. एका पावलाखाली मोडणारी फांदी वाढायला कित्येक वर्षं लागलेली असतात. प्रवाहात त्याच्याशी झुंजू नका. मार्गदर्शकाजवळ राहून त्याच्यासोबत वाहा, डिंगी मागून येतच असते.

नववी पायरी: काय चुकवू नये

पहाटे चारला उठवतील ते स्वर्गपक्ष्यांसाठी (बर्ड ऑफ पॅराडाइज). लाल स्वर्गपक्षी आणि विल्सनचा स्वर्गपक्षी हे दोन्ही पक्षी फक्त राजा अंपातमध्येच आढळतात. अंधारात टॉर्चच्या उजेडात चढून पानांच्या आडोशाला गप्प बसायचं. विल्सनचा नर जमिनीवरच्या आपल्या अंगणातलं एक-एक पान चोचीनं उचलून बाहेर टाकतो, आणि अंगण स्वच्छ झाल्याशिवाय नाचत नाही. खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका.

मांटा म्हणजे अजस्र पाकट. प्रवाळाच्या ठरावीक खडकांवर ते अंग साफ करून घ्यायला येतात, छोटे मासे त्यांच्या कातडीवरचे परजीवी खातात. पाठलाग केला तर निघून जातात. हात जवळ घेऊन स्थिर तरंगलात तर घिरट्या घालत राहतात. २०१४पासून इंडोनेशियात मांटाला पूर्ण संरक्षण आहे. रात्री उथळ पाण्यात टॉर्च मारला तर पंखांवर चालणारी मुशी दिसू शकते, आपल्याकडच्या मुशीच्या लांबच्या नात्यातली. ती खरोखर चालते.

मिसूलमध्ये डोंगरांनी वेढलेली खाऱ्या पाण्याची तळी आहेत, त्यांत न डसणारे जेलीफिश हजारोंनी तरंगतात. गावानं परवानगी दिली तरच जा, पायात घालायचे पोहण्याचे पंख (फिन) काढून हळू उतरा, अंगाला काही लावलेलं नको.

गावागावांत 'सासी' नावाची प्रथा विचारून घ्या. समुद्राचा एखादा तुकडा गाव ठरावीक काळ बंद ठेवतं: त्यात शेवंडी, शंख, समुद्रकाकडी काढायची नाही. मग विधीपूर्वक उघडतात. जून-जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, त्याच समजुतीची ही गोष्ट. मी सासीबद्दल जितकं विचारलं तितकं लोकांनी अभिमानानं सांगितलं.

आणि मग बांदा. रात्रभराच्या प्रवासानंतर पहाटे डेकवर या. समोर गुनुंग आपी, म्हणजे अग्निपर्वत, सुमारे साडेसहाशे मीटरचा सुळका सरळ समुद्रातून वर आलेला. तो १९८८मध्ये फुटला, लाव्हा समुद्रात उतरला आणि तिथले प्रवाळ जळून गेले. त्याच लाव्हावर आज प्रवाळाच्या थाळ्या एकावर एक पसरल्या आहेत. त्या इतक्या वेगानं कशा वाढल्या हे शास्त्रज्ञांनाही नवल होतं. तिथे स्नॉर्केल करायला मिळालं तर दुपारची झोप सोडा.

बांदा नैरा गावात फिरताना वाटाड्या घ्या, कारण इथे दगडांनाही इतिहास आहे. जायफळावर मक्तेदारी मिळवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६२१मध्ये आपला गव्हर्नर जनरल यान पीटरझून कून याच्या नेतृत्वाखाली ही बेटं जिंकली. बहुतेक मूळ रहिवासी मारले गेले, उपाशी मेले, गुलाम म्हणून नेले गेले किंवा पळून गेले. पंचकोनी बेल्जिका किल्ला त्या काळचा. जवळचं रुन बेट इंग्रजांकडे होतं. १६६७च्या ब्रेडा तहात त्यांनी त्यावरचा हक्क सोडला आणि डचांनी आजच्या न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनवरचा. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आले त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. पुढे १९३६ ते १९४२ या काळात डचांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्यनेते मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर यांना इथेच हद्दपारीत ठेवलं. त्यांची घरं बघता येतात. याच शाहरीरना १९४७मध्ये बिजू पटनायकांनी विमान नेऊन डचांच्या नाकाबंदीतून भारतात आणलं.

जायफळाच्या बागा उंच केनारी वृक्षांच्या सावलीत आहेत. केनारीची बी बदामासारखी असते, ती मागून खा. माणसं लांब बांबूच्या टोकाला बांधलेल्या परडीनं फळ तोडतात. पिवळं फळ उकललं की आत काळसर कवच आणि त्यावर लालभडक जाळी: ती जायपत्री. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत ज्यांनी जायफळ पाहिलं आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, पण धुरीघरात तट्ट्यांवर वाळणाऱ्या जायफळांचा वास तिथेच घ्यावा लागतो. इंडोनेशियन भाषेत जायफळाला 'पाला' म्हणतात. तो आपलाच 'फल' शब्द. टरफलाच्या गराचा मुरंबा आणि सुकवलेल्या गोड फोडी घरोघरी विकायला असतात, त्या चहाबरोबर देतात.

शेवटची दोन कामं. स्कूबा केलं असेल तर शेवटच्या बुडीपासून अंबोनच्या विमानापर्यंत किमान २४ तास जाऊ द्या, त्या दिवशी नुसतं स्नॉर्केल करा. खलाशांची बक्षिशी सगळ्यांची मिळून एका पाकिटात कप्तानाच्या हाती द्या, म्हणजे कधीच न दिसणाऱ्या इंजिनखोलीतल्या माणसालाही वाटा मिळतो.

जायफळ घ्यायचं तर बांदा नैरातच, थेट बाग असलेल्या घरातून घ्या. सोललेलं नको, कवचासकट, पूर्ण वाळलेलं. ताजं, रुजू शकेल असं बी भारतात आणू नका आणि विमानतळावर सीमाशुल्काच्या लोकांनी विचारलं तर दाखवा. निवडताना एक-एक कानाशी धरून हलवा. आत खुळखुळलं की ते नीट वाळलेलं आहे.